पूर्ववत करा, बटण

बटण सापडलं नाही असं नाही हो, सापडलं होतं — तेच तर सांगतेय मघापासून. मान उचलू नका. तोंड मसाजच्या टेबलाच्या त्या भोकातच राहू द्या, बोलायचं काम माझं, तुम्ही नुसते श्वास सोडा. ही बघा गाठ, केवढी झालीय — दिवसभर फोनमध्ये मान घालून बसता आणि वर मला विचारता, तुम्हाला दिसत नाही तर तुम्ही फोनवरून मेल कशी करता. करते की. तुमच्यापेक्षा भरभर करते. माझा फोन बोलतो. काचेवर बोट फिरवायचं, बोटाखाली जे येईल ते तो वाचतो. एकदा टेकवलं तर नुसतं नाव सांगतो, करत काही नाही. करायला लावायचं असेल तर दोनदा — टकटक — आणि तेही त्याच जागी नको, काचेवर कुठेही चालतं, शेवटचं जे नाव वाचलं ते दाबलं जातं. झालं. एवढंच आहे सगळं. पाच वर्षांचं पोर दुपारभरात शिकेल. आणि चौदा वर्षांच्या संसारात माझ्या नवऱ्याला एवढंसं येऊ नये — शिसारी येते मला, खरंच शिसारी येते.

दुखतंय? दुखू दे. — तर रविवारची सकाळ. मी एक मेल लिहून ठेवली होती. कामाची, साधीच. माझी एक खोड आहे, मेल लिहिली की 'पाठवा, बटण' ऐकू येईपर्यंत बोट न्यायचं आणि तिथेच थांबायचं. फोन टेबलावर ठेवायचा, चहाचे दोन घोट घ्यायचे, विचार करायचा. बहुतेकदा मग मी मागे फिरते. ही मेल तर तीन आठवडे रोज उघडत होते, रोज 'पाठवा'पर्यंत जात होते आणि रोज मागे येत होते. त्या दिवशीही तशीच ठेवली आणि ओट्यावरून कप घ्यायला वळले — किती, दोन पावलं — परत हात लावते तर फोन जागेवर नाही. नवऱ्यानं पेपर पसरायला म्हणून उचलून पलीकडे ठेवलेला. माझ्या वस्तू हलवू नकोस, हे सांगून सांगून तोंड दुखलं माझं. मी अशी टेबलावर चाचपडतेय, बशीत बोटं जातायत, जॅममध्ये जातायत, आणि हा बघतोय.

आता याची एक पद्धत आहे. वस्तू कुठे आहे ते तोंडानं सांगायचं नाही, वाजवून दाखवायचं. कप इथे आहे, कपावर टकटक. खुर्ची इथे आहे, खुर्चीवर टकटक. चपला, छत्री, जेवायचं ताट — टकटक. लोक काय विरघळतात म्हणून सांगू, किती समजून घेतात हो तुमचे मिस्टर. घेतात ना. तर फोन इथे आहे, म्हणून यानं फोनच्या काचेवर बोटानं — टकटक. दोनदा. बरोब्बर दोनदा. आणि फोन म्हणाला, 'पाठवली. पूर्ववत करा, बटण.'

हसताय? पाठ हलतेय तुमची, कळतं मला. हसा. मलाही दुसऱ्या कुणाचं असतं तर हसू आलं असतं.

मी म्हटलं, मेल गेली, परत घे, आत्ताच्या आत्ता परत घे. तर हा म्हणतो, थांब, तू हात लावू नकोस, मला दिसतंय. मला दिसतंय — हे याचं आवडतं वाक्य. रस्ता ओलांडताना मला दिसतंय, दुकानात भाव विचारला तर मला दिसतंय. त्याला दिसत होतंच, मेल गेली की खाली थोडा वेळ पट्टी येते, तिच्यावरचं 'पूर्ववत करा' दाबलं की मेल परत येते. यानं बोट टेकवलं. 'पूर्ववत करा, बटण.' हा वाट बघतोय. पुन्हा टेकवलं. 'पूर्ववत करा, बटण.' अगं मी दाबतोय, हा नुसती बडबड करतोय. मग जोरात दाबलं — बहिऱ्याशी मोठ्यानं बोलतात ना, तसं — 'पूर्ववत करा, बटण.' प्रत्येक वेळी फोन बिचारा नाव सांगतोय, पुढे काय करू म्हणून थांबतोय, आणि हा कपाळाला हात लावतोय. कपावर दोनदा, खुर्चीवर दोनदा, चौदा वर्षं दिसेल त्याच्यावर दोनदा, आणि जिथे दोनदा हवं होतं तिथे एकदा. मग वेळ संपला, पट्टी गेली. मला फोन परत मिळाला तेव्हा काचेवर सगळा त्याच्या बोटांचा जॅम. मी बोटांनी वाचते हो. माझं वाचायचं पान आहे ते. त्याच्यावर दुसऱ्याचा चिकट अंगठा म्हणजे — तीनदा पुसली काच.

काय होतं मेलमध्ये? म्हटलं ना, कामाचं. — बरं, तुम्हाला सांगायला काय, तुमचं तोंड तर खालीच आहे. नोकरीचं होतं. दुसऱ्या गावचं हॉस्पिटल आहे, असंच काम, फक्त तिथे हा सगळा विभाग माझ्या हाताखाली. होकार लिहिला होता. एक तारखेला रुजू होते, राहायची सोय करा. गेल्या वर्षीही त्यांनी बोलावलं होतं. तेव्हा फोन यानं उचलला. मी आंघोळ करून बाहेर आले तर हा त्यांना सांगतोय — नाही हो, तिला नाही जमणार, तिचं सगळं मलाच बघावं लागतं. माझ्यादेखत. केस पुसत उभी होते मी. फोन ठेवला आणि मला म्हणाला, चहा तिथे आहे. टकटक. त्या दिवसापासून मला त्या आवाजाचा वीट आलाय. मी भांडले नाही. मी दिवसाला चौदा माणसांच्या पाठी सरळ करते, एकटी येते, एकटी जाऊ शकते, पण तो रोज न्यायला येतो आणि मी रोज येऊ देते. माझीच मला येते ती शिसारी वेगळी.

हात खाली सोडा. खांदा सैल. — काय म्हणालात? हो. हो, कॉम्प्युटरवाले तुम्ही, तुम्हाला माहीत असणारच. ती पट्टी किती वेळ राहावी ते सेटिंगमध्ये ठरवता येतं. मी ठरवलंय. आम्हाला वेळ लागतो म्हणून अर्धं मिनिट ठेवलंय.

अर्धं मिनिट म्हणजे पुष्कळ वेळ होतो. हो.

आणि त्यानं पहिल्यांदा बोट टेकवलं तेव्हाच नाव वाचलं गेलं होतं, म्हणजे पुढचं काम फक्त दोन टिचक्यांचं — कुठेही. फोन माझ्यापासून हातभर होता. हात पुढे केला असता तरी झालं असतं. किंवा नुसतं म्हणायचं होतं, दोनदा दाब. दोन शब्द. आले होते हो ओठांवर. तो तिथे घामाघूम होऊन टेकवतोय, सॉरी गं सॉरी गं करतोय, आणि मी टेबलाला टेकून उभी, हातात कप. एक, दोन, तीन मोजत होते मनात. तीसपर्यंत मोजले. त्यानं विचारलं, फार महत्त्वाची होती का? मी म्हटलं, ऑफिसची होती, जाऊ दे. वर त्यालाच म्हटलं, तुझ्यामुळे गेली. दिवसभर बिचारा मला विचारून विचारून चहा करत होता. तो मूर्ख आहे, पण लबाड नाही. लबाडी मी केली. त्याच्याच बोटानं पाठवून घेतली, म्हणजे मला बोट उचलायला नको.

सोमवारी त्यांचं उत्तर आलं. खोली तयार आहे म्हणे. मी लिहिलं होतं, एका माणसासाठी. चार दिवस झाले, घरात कुणाला माहीत नाही. तुम्ही पहिले.

झालं तुमचं. एकदम उठू नका, आधी कुशीवर वळा, मग पाय खाली. शर्ट तुमच्या उजव्या हाताला खुंटीवर आहे — बघा, तोंडानं सांगितलं की असं सापडतं. पुढच्या महिन्यापासून तुम्हाला दुसरं कुणी बघेल, त्यांना सांगा डाव्या खांद्याच्या आत गाठ आहे, आणि फोन डोळ्यांसमोर धरत जा, मांडीवर नको. आणि मी बोलले ते —

थांबा. ऐकलंत? दारावर. दोनदा.

नाही, तुम्ही बोलू नका काही. पिशवी घ्या तुमची आणि निघा, जाताना दार लोटून घ्या. — ये रे, उघडंच आहे. नाही, पर्स मला सापडलीय, वाजवू नकोस. बस इथे. समोर बस.