आप्पांनी शिकवलेला सुलटा हात

माझं गाव नांदगाव तालुक्यातलं, इतकं बारकं का नकाशात शोधाया गेलात तर सापडनार नाय. मी तिथल्या बौद्धवाड्यातला, नाव उत्तम. आई-वडील दोघं मजुरीला जायचे, कांद्याच्या रानात, बाजरीच्या रानात, मिळंल तिथं. आता तुम्ही मला डोक्याचं इचारताय, पातं फिरवून बी इतकं गुळगुळीत कसं ठेवता, पुळी नाय, ओरखडा नाय, म्हनून. पन काय सांगू तुम्हाला, डोक्याचं सांगायचं तर आधी वडलांचंच सांगावं लागंल, कारन गावात न्हावी व्हता, पन तो आमच्यासाठी नव्हता. आमच्या वाड्यातल्या मानसाच्या डोक्याला हात लावायचा नाय अशी त्या टायमाची रीत, ना तो बोलवायचा ना आमचं कोन जायचं. पुढं त्याच न्हाव्याचा पोरगा सगळ्यांचे केस कापाया लागला, आमचे बी, ते बी सांगितलं पाह्यजे. पन माझ्या लहानपनी तसं नव्हतं.

वडलांना आम्ही आप्पा म्हनायचो. आप्पांनी काय केलं, मनमाडच्या बाजारातून एक वस्तरा आनला आन् शिकले. शिकवनार कोन? कुनी नाय. पयल्यांदा सोताच्या पोटरीवर चालवून बघायचे, पोटरी रक्तानं भरायची, आई बोलायची, तरी दुसऱ्या आठवड्याला परत बसायचे. असं करत करत हात बसला. मंग वाड्यातल्या सगळ्यांची दाढी, केस, लहान पोरांचं, म्हाताऱ्यांचं, सगळं आप्पांच्या हाताखाली. कुनी म्हनलं, तू मजूर मानूस, हे काम तुझं नव्हं. तर आप्पा म्हनले, डोकं आपलं हाय, हात आपला हाय, मंग इचारायचं कुनाला. एवढंच बोलायचे. लय बोलनारा मानूस नव्हता.

मी शिकलो, आयटीआय केलं, आन् बहात्तरचा दुष्काळ सरल्यावर एकलहऱ्याला वीज केंद्रात लागलो, कोळसा वाहून नेनाऱ्या बेल्टवर. लगीन झालं, कमल घरात आली, क्वार्टर मिळालं, सगळं चांगलं चाललेलं. आन् सव्वीस-सत्ताइसाव्या वर्षी माझे केस जायाला लागले. उशीवर केस, पंचावर केस, फनीत केस. कमलनं कांद्याचा रस लावला, जास्वंदीचं तेल लावलं, घरात चार महिने तोच वास. काय उपयोग नाय. मंग मी कानावरचे केस वाढवून वरून आडवे टाकायला लागलो. बेल्टवर हेल्मेट काढलं आन् वारं आलं का ते केस उभे राह्यचे आन् सगळे हसायचे. मी बी हसायचो, पन घरी येऊन आरशापुढं उभा राह्यचो, खोटं कशाला सांगू.

हसन्याचं काय नव्हतं हो. त्रास व्हता हेल्मेटचा. डोक्यावर कोळशाची भुकटी, वरून घाम, त्यात ते उरलेसुरले केस चिकटायचे आन् खाज सुटायची, आठ तास नुसती खाज. डॉक्टरकडं गेलो तर ते म्हनले, केस ठेवूच नका, डोकं साफ ठेवा, कोरडं ठेवा. मला ते पटलं. म्हनलं, जे जायाचंच हाय ते मीच काढतो. नाशिकरोडला एका दुकानात गेलो, खुर्चीवर बसलो, म्हनलं पूर्ण काढा. रविवारची गर्दी व्हती, मागं पाच-सहा मानसं बसलेली. त्यानं पान्याचा हात फिरवला न फिरवला आन् वस्तरा लावला, मानंकडून वर, कपाळाकडून मागं, सगळा उलटा, खराखरा. दहा मिनिटात मोकळा. हात फिरवला तर लोन्यासारखं लागलं, मी खूश. संध्याकाळपासून डोकं पेटलं. दुसऱ्या दिवशी त्यावर हेल्मेट चढवलं आन् तिसऱ्या दिवशी सगळ्या डोक्यावर बारीक पुळ्या, पांढऱ्या तोंडाच्या. हेल्मेटचा पट्टा घासायचा तिथं तर सोलूनच निघालं.

आता ह्यात अडचन अशी का त्याच टायमाला मी बॉयलरकडं जान्यासाठी अर्ज केलेला. तिकडची टेस्ट दीड महिन्यावर आली व्हती. चार वर्षं बेल्टवर कोळसा खाल्ला तो त्या जागेसाठी. साहेबांनी मला बोलावलं, मानूस चांगला व्हता, म्हनले, हेल्मेट नसंल तर आत सोडता येनार नाय, डोकं असं असंल तर तुला स्टोअरला टाकतो, बसून काम हाय. मी म्हनलं, साहेब, मला बसून काम नको. ते म्हनले, मंग टेस्टच्या आत डोकं बरं कर. मी म्हनलं, करतो. कसं करनार ते मला बी म्हाईत नव्हतं. पंधरा दिवसाची रजा टाकली आन् नांदगावच्या गाडीत बसलो, डोक्याला रुमाल बांधून.

घरी पोचलो, रुमाल सोडला, तर आई दारातच बसून रडाया लागली. म्हनली, हे काय केलंस रं, बाप जिता असताना डोकं भादरलं? बाप गेला का पोरगा डोकं भादरतो, ही जुनी रीत. आम्ही बौद्ध झालो, त्या रीती सोडल्या, देव्हारा गेला, सुतक गेलं, पन आईच्या मनातून एवढं एक गेलं नव्हतं. आप्पा खाटंवर बसलेले. त्यांच्या डोळ्यात मोतीबिंदू, धुरकट दिसायचं. त्यांनी मला जवळ बोलावलं आन् सगळ्या डोक्यावरून हळूच बोटं फिरवली. मंग आईला म्हनले, मी मेलो नाय, हितं बसलोय, आन् ज्यानं हे केलं त्याला भादरता येत नाय. उगी राहा आन् लिंबाचा पाला उकळाया ठेव.

बारा दिवस त्यांनी डोक्याला पातं लागू दिलं नाय. कडुलिंबाचं पानी गार करून त्यानं धुवायचं, सुती फडक्यानं टिपायचं, पुसायचं नाय, आन् उघडं ठेवायचं. मी घाई करायचो, आप्पा, टेस्ट हाय. ते म्हनायचे, कातडं तुझ्या साहेबाला वळखत नाय. बाराव्या दिवशी पुळ्या सुकल्या, बारीक खुंट वर आले. मला वाटलं आता आप्पा भादरतील. तर ते म्हनले, माझ्या डोळ्याचा भरवसा नाय, तुला शिकावं लागंल. आन् सोता अंगनात पाटावर बसले, पागोटं काढलं, म्हनले, आधी माझं डोकं घे. चुकलास तर मी सांगीन, माझं डोकं तुला समोर दिसंल तसं तुझं सोताचं दिसनार नाय.

मी वस्तरा घेतला. त्यांनी एक एक करून सांगितलं. गरम पान्यात पंचा पिळून डोक्यावर ठेव, एक कप चहा पिऊन होस्तवर ठेव, खुंट मऊ झाला पाह्यजे. साबनाचा फेस घाईनं नाय, ब्रश गोल गोल फिरवून मुळाशी गेला पाह्यजे. मंग डोळे मीट आन् तळहात फिरव. जिकडं हात गुळगुळीत जातो तिकडं केसाचं तोंड, जिकडं अडतो तिकडून केस उलटा. टाळूवर भोवरा असतो, तिथं केस गोल फिरतो, तिथं पात्यानं बी त्याच्या बरुबर फिरायचं. कातडं लय तानायचं नाय. दाबायचं नाय, पात्याचं वजनच पुरतं. एकाच जागंवर चार वेळा जायचं नाय, परत जायचं तर परत फेस लावायचा. पयला हात सुलटा, दुसरा लागलाच तर आडवा. उलटा कधीच नाय. मी म्हनलं, पन आप्पा, उलटा घेतल्याशिवाय लोन्यासारखं व्हत नाय. ते म्हनले, तुला लोनी पाह्यजे का नोकरी?

आई आतून बघत व्हती. पयल्यांदाच नवऱ्याचं डोकं पोरगा भादरतोय, आन् नवरा जिता, तिला ते बघवंना, पन हटली नाय, गरम पानी आनून देत राह्यली. मी कानामागनं सुरू केलं, हळूहळू टाळूकडं आलो. आप्पा आधी बोलत व्हते, हितं हलका, हितं आडवा. मंग बोलनं कमी झालं. मंग बंदच. मी घाबरलो, वाकून बघितलं, तर त्यांना झोप लागलेली. वस्तऱ्याखाली झोप. मी तसाच उभा राह्यलो. मला तवा पयल्यांदा ध्यानात आलं का ह्या मानसानं सगळ्या वाड्याची डोकी केली, पन ह्याचं डोकं आजवर कुनी केलंच नव्हतं. आरशाचा तुकडा खांबाला अडकवून सोताचं सोता करायचे. मी बाकीचं डोकं इतक्या सावकाश केलं का ऊन अंगनातून भिंतीवर गेलं. एक थेंब रगत नाय आलं.

मंग माझं मी केलं. आप्पा मागं बसून हात फिरवून तपासत व्हते, हितं राह्यलं, हितं जास्ती झालं. गार पानी मारलं, टिपलं, खोबरेल तेलाचा एक थेंब, बस. दुसऱ्या दिवशी डोकं शांत. आईनं बघितलं आन् भाकरी वाढली.

एकलहऱ्याला आलो. वस्तरा गावाकडंच ठेवला, मी साधं रेझर घेतलं, दर वेळंला नवं पातं. ड्युटीच्या आधी कधी भादरायचं नाय, सुट्टीच्या दिवशी सकाळी भादरायचं, म्हंजी हेल्मेट चढायच्या आत कातड्याला एक दिवस मिळतो. हेल्मेटच्या आत पातळ सुती फडकं, रोज धुतलेलं. कमल मागनं आरसा धरायची. सुरवातीला दोनदा कापलं, एकदा पुळ्या बी आल्या, तवा परत आठ दिवस थांबलो. सोडलं नाय. टेस्टच्या दिवशी हेल्मेट घालून बॉयलरच्या जिन्यानं वरखाली केलं, सगळे व्हॉल्व ओळखून दाखवले, डोक्याला काय झालं नाय. साहेबांनी पाठीवर थाप मारली. मला जागा मिळाली.

बॉयलरला माझ्याबरुबर रंगनाथ व्हता, निफाडकडचा, द्राक्षवाल्या शेतकऱ्याचा पोरगा. त्याचं बी टक्कल, त्याला बी पुळ्या. माझं डोकं बघून एक दिवस म्हनला, उत्तम, माझं करून दे की, तुझा हात चांगला हाय. त्याच्या मनात काय वाईट नव्हतं, साधा मानूस. पन मला लगीच हो म्हनता येईना. दोन दिवस इचार केला. आप्पांनी हे काम केलं ते आमच्या वाड्याचं कुनी करत नव्हतं म्हनून. ह्याला तर कुठलाच न्हावी ना म्हनत नाय, मंग मी ह्याचं करावं का? मंग मी त्याला म्हनलं, रंगनाथ, मी करून देनार नाय, शिकवीन मात्र, पातं तुझ्या हातात राह्यलं पाह्यजे. तो म्हनला, बरं. रविवारी क्वार्टरवर आला, कमलनं चहा दिला, आन् मी जसं शिकलो तसं त्याला शिकवलं, डोळे मिटून तळहात फिरव इथपासून. त्याच्या मागं आनखी चार-पाच जन शिकून गेले. भादरलं कुनाचंच नाय.

नवा मानूस मला बघितला का इचारायचा, कोन गेलं? मी म्हनायचो, कोनी नाय, माझी पद्धतच हाय. आप्पा गेले तवा मातर कुनी इचारलं नाय, कारन डोकं रोजच्यासारखंच व्हतं. सोताहून सांगावं लागलं. बुद्धवंदना झाली, मानसं आली, बाकी काय रीत केली नाय. आप्पांना ती नकोच व्हती.

आता आई आमच्याकडंच असती, क्वार्टरवर. पोरगी कॉलेजला जाती, मी आजून बॉयलरलाच हाय. डोकं दर सुट्टीच्या सकाळी करतो, आता आरसा लागत नाय. सकाळी ड्युटीला निघालो का आई दारात बसलेली असती, मला वाकाया लावती आन् डोक्यावरून हात फिरवती. तिच्या तळहाताला कांदे काढून काढून पडलेले घट्टे आजून हायत, ते खरखरीत लागतात. म्हनती, जा, जपून काम कर. मी म्हनतो, हो आई, आन् हेल्मेट उचलतो. चांगलं चाललंय. तुमचं बी चांगलं व्हवो.