रतनी काय म्हणाली

—खाली ठेवू नगंस ते टोपलं. हातातच धर. पेंड संपली की ही मुंडी फिरवती आणि पान्हा चोरती. हां, तिथंच उभी ऱ्हा, दिव्याखाली. सकाळपासनं बघतोय मी, कालिंदी, तू माझ्या म्होरं यायचं टाळतीयास. निवडलेलं तांदूळ परत निवडलंस, धुतलेली भांडी परत धुतलीस — का? मी काय चावतो? — हसलीस व्हय. हस. तू सून होऊन आलीस तवापासनं तुझ्या ह्या गालातल्या हसण्याकडं माझं ध्यान हाय. तुमच्या पुण्याकडं बायका 'मी येते, मी जाते' म्हणत्यात. आमच्या उचगावात गडी बी 'येतो' म्हणतो आणि बाई बी 'येतो' म्हणती. राबायचं दोघांनी सारखंच, मग बोलायचं येगळं कशाला? — बरं, ऱ्हाऊ दे ते. मला तुला दुसरंच इचारायचंय. ही म्हैस बोलती व्हय?

न्हाय, आपलं इचारतो. मास्तराची लेक तू, शिकलेली, तुला ठावं असंल. मी हिच्या पोटाखाली एवढी वर्सं बसतोय, हिची दोन बाळंतपणं ह्या हातानं केली, मला तर हिनं कधी 'बायडाबाई' म्हणून हाक मारली न्हाय. आणि आज दूध घालाय डेअरीत गेलो, तर हंबीरराव सेक्रेटरी माप घ्यायचं सोडून पेपर घेऊन उभं. म्हणालं, 'वैनी, तुमची रतनी पेपरात आली की.' मला वाटलं, म्हैस चोरीला गेली का काय, आत्ताच तर बांधून आलतो. म्हटलं बघू. बघितलं तर व्हय, हीच. एक शिंग आभाळाकडं, एक शिंग कानाकडं — असलं ध्यान पंचक्रोशीत दुसरं न्हाय. शेपटीचा गोंडा बी बरोबर काढलायस, अर्धा झडलेला. हात हाय तुझ्यात, न्हाय म्हणत न्हाय मी. पर तिच्या तोंडातनं फुगा आलता. पोट फुगलेलं जनावर बघितलंय मी, त्याच्या पोटात दाभण घालून वारा सोडल्यालं बघितलंय, पर तोंडातनं फुगा आल्यालं आजच बघितलं.

माझा सयाजी उद्यमनगरात कामाला जाताना डब्यासंगं तुझी चित्रं नेतोय आणि पेपरच्या हापिसात टाकतोय, हे मला पैल्या दिवसापासनं ठावं हाय. कधी काय बोललो? न्हाय. म्हटलं, कुणी रांगोळी काढती, कुणी शेजारणीची उणीदुणी काढती, ही चित्रं काढती, काढू दे. सयाजीनं दाखवली मला हौसेनं. सशाच्या डोळ्याला चष्मा, कोल्ह्याच्या डोक्याला फेटा, आणि ससा म्हणतोय — सयाजी वाचून दावतोय आणि आपलाच हसतोय — 'आपण कुठे निघालात, कोल्होबा?' आता हे ससा हाय का मामलेदार? कोल्ह्याला कुणी कुठं निघालात म्हणून इचारतंय? ससा कुठं निघालाय तेवढं कोल्ह्याला ठावं असतंय — पोटात. आणि ते अस्वल. अंगात कोट हाय, गळ्यात टाय हाय, खाली काय न्हाय, आणि निघालंय बँकेत. म्हटलं, अस्वलाला लाज नसंल तर नसू दे, काढणारीला तरी असावी. मला अक्षर येत न्हाय, पर फुगं कळत्यात की. ज्याचा फुगा मोठा त्याचं खरं. हे बघाय पेपर कशाला इकत घ्यायचा, ग्रामपंचायतीत फुकट दिसतंय.

तू म्हणशील, पोरांसाठी असतंय ते. पोरांना तर आधी कळतंय जनावर बोलत न्हाय म्हणून. खुळं हुत्यात ती मोठी माणसं. आणि मला सांग, जनावराला बोलाय लावून मिळवायचं काय? आं? जनावर गप असतंय ह्योच त्याचा गुण. गप असतंय म्हणून तर त्याच्यापाशी बसावं वाटतंय. ते बी बोलाय लागलं की झालं, ते बी शेजारची धोंडुबाई झालं. बोलणारंच पायजे हुतं तर मी म्हैस कशाला बांधली असती, धोंडुबाईच बांधली असती की गोठ्यात, पेंड बी लागली नसती —

हल, हल तिकडं. — तुला न्हाय गं, हिला म्हटलं.

तर हंबीररावांनी वाचलं. हळू न्हाय, ठसक्यात, अख्ख्या रांगेम्होरं. पाठीवर बसल्याला कावळा इचारतोय, 'रतने, सदानकदा काय चावतीस?' आणि रतनी म्हणती, 'गिळल्यालं परत तोंडात आणून चावतो मी. माझं बरं हाय. आमच्या मालकिणीला एकदाच गिळावं लागतंय.' — तुझा ससा आणि तुझं अस्वल आजपतुर पुण्याचं बोललं, त्यांच्याकडं डेअरीत कुणी ढुंकून बघितलं न्हाय. पर म्हशीनं 'चावतो मी' म्हटलं, आणि सगळी रांग वळून बघाय लागली. कुणाकडं? म्हैस जातीची बाई, आणि म्हणती 'चावतो'. म्हंजे इथली बाई. आणि त्या शिंगाच्या म्हशीची मालकीण कोण? जिच्या हातात किटली हाय ती. हसली सगळी. मी बी हसलो. न हसून करतो काय. पर रांगेत तुझं मामंजी हुतं. ह्येनी न्हाय हसलं. पायातलं पायताण बघत उभं ऱ्हायलं.

आता तुला वाटत असंल, सासू म्हशीसंगं बोलती, खुळी हाय. खुळी न्हाय बाई. ह्या घरात बोलायची वाटच ती हाय. एवढ्या दिसांत तू मला ह्यांच्या तोंडाकडं बघून 'जेवा' म्हटल्यालं ऐकलंस? मी म्हणतो, 'रतने, मालकाला सांग तुझ्या, भाकरी गार व्हायली.' ते बी तिलाच सांगत्यात, 'रतने, कालवणात मीठ न्हाय.' लेकी बोले सुने लागे म्हणत्यात न्हवं? मला लेक न्हाय. मग म्हशी बोले नवऱ्या लागे. आधी ती रीतच हुती — सासू-सासऱ्यांम्होरं नवऱ्याशी बोलायचं न्हाय, जनावराकडं तोंड करून बोलायचं. सगळ्याच बायका बोलायच्या. मग सासू गेली, सासरा गेला, रीत बी गेली. बाकीच्यांची तोंडं फिरली नवऱ्याकडं. आमचं फिरलं न्हाय एवढंच.

— का म्हंजे? तुला काय करायचंय? — धर नीट, सांडतीयास.

मोरी म्हैस हुती माझी. बापानं आंदण दिल्याली. लग्नाच्या गाडीमागनं चालत आलती माझ्यासंगं, रडणारी आम्ही दोघीच हुतो त्या वरातीत. आई गेली तवा मी माहेरी गेलतो, दिवस घालून परत आलो तर खुंटा मोकळा, मोरी इकल्याली. त्या दिवशी इचारलं मी, म्हशीला न्हवं, ह्यांच्या तोंडावर इचारलं, 'मला इचारलं न्हाय ते?' तर दारात चार गडी बसल्यालं, त्यांच्याकडं बघून म्हणालं, 'म्हशीला तरी कुठं इचारलं?' — हसलं गडी. मी च्या आणून दिला त्यांना. संपलं. काय मारलं न्हाय, शिवी दिली न्हाय, गरीब माणूस हाय, दारू न्हाय, काय न्हाय. उगंच त्यांच्याकडं वाकड्या नजरेनं बघू नगंस. पर ते गिळल्यालं काय खाली उतरलं न्हाय, आणि वर बी येत न्हाय. हिच्यापाशी तेवढंच बोललो आसंन मी, आणि नेमकी तू पलीकडं ऐकत.

म्हणून तुला सांगाय थांबवलंय. आजवर छापलंस ते छापलंस. आता पुढं माझं काय काढू नगंस. चित्र काढ, अस्वलाला विजार घाल, पायजे ते कर, पर काल रातच्याला मी हिला जे सांगत हुतो ते फुग्यात घालू नगंस. म्होरल्या सोमवारी हिला बाजारात इकाय न्यायची ठरलीया, ते तर तुला बी ठावं हाय. ह्या बारीला बी मला इचारलं न्हाय, बाहेरनंच कळलं. तर आम्ही दोघी आदल्या दिवशीच निघणार, आयतवारी पहाटं, दिस उगवायच्या आत. हिचं दावं हातात, लुगडी बोचक्यात. भावाच्या गावाला. भाऊ ठेवून घेईल, म्हैस संगं हाय म्हटल्यावर भावजय बी ठेवून घेईल. माघारी यायचं न्हाय. सयाजी जाणता हाय, घरात तू हाईस, चूल काय आडत न्हाय माझ्यावाचून. पर हे कुठं छापून आलं, हंबीररावांनी रांगेत वाचलं, तर —

काय?

मान का हलवतीस?

म्हंजे — कालचं ऐकलं न्हवतंस? मागं पेंढी न्यायला आलतीस तवा ते चावायचं तेवढं कानावर पडलं? बाकी काय न्हाय? मोरीचं बी न्हाय?

बघ. बघ रतने, सून बघ कशी मिळालीया. एक शब्द बोलली न्हाय आणि सगळं काढून घेतलं. एवढं तर तुझं रेडकू बी पीत न्हाय.

— रडू नगंस. पेंडीत पडतंय पाणी, ती खात न्हाय मग. रडायचं काय त्यात? मी का मराय निघालोय?

ऐक इकडं. आज डेअरीतनं आल्यावर ह्येनी गोठ्यात आलं. आणि हिच्यापाशी उभं ऱ्हायलं, लई येळ. मी तिकडं पाणी वतत हुतो. म्हटलं, बाजाराला न्यायची म्हणून दात बघत असतील. तर हिच्या मानेवर हात ठेवला, आणि म्हणालं — माझ्याकडं बघितलं न्हाय, हिलाच म्हणालं — 'रतने, तुझ्या मालकिणीनं काय गिळलं गं?'

मी आपला पाणी वततच ऱ्हायलो. मी कशाला बोलू? म्हशीला इचारलं हुतं, म्हशीनं द्यावं उत्तर. आणि ती हुबी रवंथ करत, भवानी. एवढ्या वर्सांनी कुणीतरी इचारलं, आणि हिच्या तोंडात कडबा.

तर असं हाय, कालिंदी. चित्रातली बोलणारी जनावरं म्हंजे निव्वळ खुळचटपणा. हे मी आज बी म्हणतो आणि मरस्तोवर म्हणणार. ज्यांना माणसाचं ऐकू येत न्हाय, त्यांच्यासाठी काढल्यात ती. पर ह्येनी इचारलंय. मी आयुष्यात सांगायचो न्हाय, आणि ही सांगू शकत न्हाय. मग तू सांग हिच्या तोंडानं. कावळा नगं ह्या बारीला, उगंच मधी मधी करतोय. नुसती ही, आणि मोकळा खुंटा. सयाजीला सकाळीच दे, म्हंजे आयतवारपतुर छापून हुईल. आणि फुगा लहान काढ. मोठा फुगा बघितला की ह्येनी पुढं वाचत न्हाईत. एवढंच लिही — 'मला इचारल्याबिगर माझं दावं सोडायचं न्हाय.' बास. नाव नगं, गाव नगं. त्यांना कळंल कोण बोलतंय ते. न्हाय कळलं, तर मग ह्या घरात बोलायला काय उरलंच न्हाय.

पहाटं? पहाटं निघायचं का न्हाय ते — पेपर येतोय किती वाजता? उजाडल्यावर? — मग पेपर आल्यावर बघू. बोचकं काय, बांधल्यालंच हाय.

हे घे, दूध आत ने. फेस बसू दे, मग तापव. आणि डोळं पुस, ह्येनी वसरीत बसल्यात. — जा आता.