वळकटीची दोरी

हॅलो?

हॅलो… कोन? मारुतीराव, ह्यात कुनी बाई कन्नड बोलाय लागलीया वो… आं? उलटं धरलंय? मग आधी सांगायचं न्हाय व्हय. वायर खाली… बरं, आता?

हॅलो. हौदरी, निप्पाणी. शेवंताबाई नानरी… कोडरी आक्का, कोडरी, जोडून दे की फोन. धरून बसलीया.

धरलंय मारुतीराव, सोडत न्हाय. तासभर झाला बसलीया तुमच्या वखारीत, आता कशाला सोडू?

हॅलो… मालू? माले, तूच का गं? नाकातनं आल्यावानी येतोय आवाज. रडलीस व्हय? न्हाय? बरं… अगं मोठ्यानं बोल… मी हळू बोलू? बेळगावपतोर जायाचा न्हवं आवाज? बरं, बरं. हळू बोलते.

आधी एक सांग. काढलं न्हवं तुला?

न्हाय, तू काय बोलू नगंस. मला ठावं हाय. नर्सचं शिकाय घेतलेल्या पोरीला महिनाभर बघत्यात, आन मग ठेवून घ्यायची का घरी लावायची ते ठरवत्यात, हे तूच सांगून गेलतीस. आज महिना भरला. आन आजच दवाखान्यातनं वखारीत फोन आला, की शेवंताबाईला संध्याकाळी फोनापाशी बसवून ठेवा. दुसरं काय असनार? ते काय पोरगी लई ग्वाड हाय म्हनून सांगाय फोन करत्यात व्हय?

ऐकून घे… काढलं तर काढलं. तोंड पाडून येऊ नगंस. आपन काय चोरी केली न्हाय का…

काय?

परत सांग.

ठेवली? तुला ठेवली?

थांब… थांब जरा. मारुतीराव, ठेवली म्हनं हो पोरीला. व्हय… बसते, बसते. ह्या बोदावर बसू का? तंबाखूचा हाय म्हनून काय झालं, जलम गेला तंबाखूत.

हां, बोल. हाय मी. न्हाय गं, रडत न्हाय, तंबाखू गेली नाकात. बसलीया बोदावर. सकाळधरनं पोटात भाकरीचा तुकडा न्हाय.

मग फोन कशापायी केला त्यांनी? … ज्या पोरी राहिल्या त्यांना घरी बोलाय देत्यात? मोठ्या सिस्टरनी सोताहून? आन मग त्या मारुतीरावांना तसं सांगाय काय झालतं? … न्हाय, तुम्हाला न्हाय बोलत मारुतीराव. तुम्ही निरोप सांगितलासा तेवढा बास झाला. जीव गेलता माझा त्या निरोपानं.

उद्याधरनं पांढरं लुगडं? … निळ्या काठाचं. बरं… पिना लावून नेसायचं? डाग पडू दिऊ नगंस बाई. घरात तर तुझं एक पातळ धड ऱ्हात न्हवतं.

मालू… खरंच ठेवलंय न्हवं? कुनाच्या बदली न्हवं? … बरं, इचारत न्हाय आता.

पन मग पट्ट्यांचं काय झालं? गेल्या ऐतवारी आप्पा भेटून आला, तवा तू रडलीस म्हनाला. पट्ट्यांवरनं काय तरी झालंय, एवढंच कळलं त्याला. माझा नवरा वखारीत दिवसभर बोद उचलंल, पन एक गोष्ट सरळ सांगंल तर शपथ. आठ दिस मी त्या पट्ट्याच धरून बसलीया.

व्हय… गुंडाळायला दिल्या… मग? … आं?

तोंडं मुडपलीस? पट्टीची?

अगं माझे आई. नखानं? … दोन्ही बाजूनी? आन वरनं दोरा गुंडाळलास. आन त्याची बिडीवानी बंडलं बांधलीस. सगळ्या पट्ट्यांची?

हसत न्हाय गं… हसत न्हाय. व्हय, हसतीया. काय करू तर. डोळ्यासमोर आलं की. मारुतीराव, ऐकलासा का, दवाखान्यात जाऊन बिड्या वळल्या पोरीनं. … तुम्हाला काय जातंय हसाय, शिव्या तिनं खाल्ल्या.

मग? … आन तेवढ्यात रगत गळत माणूस आला. सिस्टरनी पट्टी मागितली आन ती उलगडंना. अरे देवा. बसनारच की घट्ट. तुझा बिड्यांचा कट्टा कारखान्याच्या चेकरनं कधी वाईट म्हनून फोडला न्हाय, तिथं सिस्टरला काय उलगडतोय. … कन्नडात लई बोलली? आन तुला निम्मं कळलंच न्हाय? ते बरं झालं.

न्हाय गं, तुझा काय दोष. सहा वर्साची असल्यापासनं बिड्यांचं सूप हाय मांडीवर. हाताला दुसरं ठावंच न्हाय तर हात काय करनार? माझं बी झोपेत चालत्यात. तू रातीला म्हनायचीस न्हवं, आई, बोटं थांबीव…

मग? सगळ्या सोडून परत गुंडाळल्यास? बरं झालं, बोलू दे त्यांना काय बोलायचं ते… आन मोठ्या सिस्टर काय म्हनाल्या? … हात चांगला हाय म्हनाल्या? पट्टी अशीच घट्ट बसली पायजे, फकस्त तोंड मोकळं ठेव. … व्हय की. बिडीचं तोंड उघडं राहिलं तर माल सांडतोय, आन पट्टीचं मुडपलं तर मानूस जातंय. ध्यानात ठेव.

आता कोन शिकीवतंय बाकीच्या पोरींना? … तू? चल, चेष्टा करतीस. … खरं? आन पयलं कुनी शिकीवलं म्हनून इचारलं तवा काय सांगितलंस?

माझं नाव सांगितलंस.

… हाय गं. हाय, ऐकतीया.

जेवन कसं हाय? … रोज भात? भाकरीची सवय मोडंल. न्हाय, सांबार सोडू नगंस, अंगाला लागतंय ते. खानापूरची पोरगी शेजारी झोपती का अजून? … घोरती? घोरू दे. घरात माझ्या खोकल्यात झोपायचीस की.

खोकला हाय, बरा हाय. तू नर्स होऊन ये, मग दे औषद.

अगं… अगं ऐक ना. मालू, ऐक ना, मी मघाधरनं कशी इसरली. आप्पा निघालाय.

तिकडंच. तुझ्याकडं. तुला आणाय.

अगं मारुतीरावांनी निरोप सांगितला तवा आप्पा बोद उचलत होते. आहे तसा बोद खाली टाकला आन घरला आले. मी म्हनलं, फोन तर होऊ द्या, मग काय ते बघू. तर म्हनाले, पोरगी पेटीवर बसून वाट बघत असंल, तिला अंधार पडस्तोवर बसवायची का? धुतलेला सदरा घातला, तुझी वळकटी बांधाय खुंटीवरची दोरी घेतली आन गेले स्टँडवर. दुपारच्या गाडीनं. पोचलेच असतील… कुठं हायस तू आता? फाटकाजवळच हाय का आफिस?

हसू नगंस, येडे. हसण्यावारी न्यायची गोष्ट न्हाय ही. तुझा आप्पा काय बोलायचा न्हाय. नुसता फाटकाला उभा ऱ्हाईल त्यो. दोरी हातात. आन तू बघशील त्याच्याकडं. मला तुम्ही दोघं म्हाईत हायसा. तू निघताना स्टँडवर त्यो टोपीनं डोळं पुसत होता, आन तू खिडकीतनं. मधी मी एकटी शहाणी, कंडक्टरला म्हनतीया, मारा की घंटी.

… काय म्हनतीस?

दोन दिस घरला?

न्हाय.

न्हाय म्हनलं न्हवं. … मोठ्या सिस्टर काय म्हनाल्यात? दिवाळीच्या आधी जी जाईल तिची जागा दुसरीला देनार, आसंच न्हवं? मग? दोन दिसाच्या भाकरीपायी जागा सोडनार? अगं आत्ताच ठेवलंय म्हनालीस न्हवं? आन एवढ्यात…

रडू नगंस. मालू. ऐक ना.

मला बी येतीया आठवन. येत न्हाय व्हय? सांजच्याला भाकऱ्या थापते आन तुझी बी थापते. मग बसते बघत तिच्याकडं. शेजारची यल्लव्वाआक्का म्हनती, शेवंता, आनू का माघारी पोरीला? म्हनलं, नगं बाई, भाकरीच घिऊन जा तू.

पन तू परत आलीस न्हवं, मालू, की दोन दिस जेवशील, झोपशील. तिसऱ्या दिशी मी बिडीची पानं भिजवीन आन तू गुमान सूप घेशील मांडीवर. कुनी सांगाय नगं. मी बी अशीच आलती एकदा आईकडं, दोन दिसांची म्हनून. मग सुपावरनं उठलीच न्हाय. मला त्याची भीती वाटती गं. दुसरी कशाची न्हाय.

हां… पूस डोळं. उद्या पांढरं नेसायचंय.

कोन? … इन्न स्वल्प आक्का, अजून थोडं. मगळु… मगळु माताडताळरी, पोरगी बोलतीया. बरं झालं बाई तुझं. मारुतीराव, येळ वाढवून दिली फोनवाल्या बाईनं. मोठ्या मनाची हाय.

मालू? हाय न्हवं? … काय झालं? कोन आलंय?

फाटकाला?

धुतलेला सदरा हाय का? … मग त्योच. दोरी हाय हातात? … व्हय गं, आप्पाच त्यो. आत सोडत न्हाईत? सिस्टरना सांग, तेवढं आत घ्या म्हनावं, काय करत न्हाय त्यो, गरीब मानूस हाय. … जा, तूच जा. फोन ठेवू नगंस, नुसता बाजूला ठेव. पळत जाऊ नगंस, पडशील.

मारुतीराव, पोचले हो ते. … न्हाय, अजून कुनी बोलत न्हाय. नुसतं खुडबुड ऐकाय येतंय… पावलं वाजाय लागली.

… हॅलो?

अवो?

अवो, मी हाय. शेवंता. … कानाला लावलंसा न्हवं नीट? वायर खाली पायजे.

हू म्हना की. … हां.

ऐकलासा का पोरीचं? सांगितलं तिनं? ठेवलंय तिला. काढलं न्हाय. आपनच येडं. … व्हय. उद्याधरनं पांढरं लुगडं.

अवो, बोला की काय तरी. एवढं लांबनं बोलतोय आपन, आन तुम्ही नुसतं नाक वढतायसा. … रडतायसा? सिस्टर हायेत न्हवं तिथं? मग तोंड फिरवा तिकडं.

ऐका. तिला घिऊन येऊ नगासा.

मला म्हाईत हाय. दोन दिस म्हनून बी नगं. ती म्हनंल. तुम्हाला बघून म्हनंलच. तुम्ही हू म्हनू नगासा. … व्हय, म्हाईत हाय की बारीक झालीया, रोज भात खाती. होईल बरी. अवो, माझ्याकडं बघा न्हवं, माझा हात दिस उगवायच्या आधी सुरू होतोय. तिच्या हातानं दुसरं काय तरी होऊ दे की. तुमच्याच्यानं जमत न्हाय तिला न्हाय म्हनायला, मला ठावं हाय. मग माझं नाव सांगा. म्हनावं, आई घरात घ्यायची न्हाय.

… न्हाय वो, घेतली असती. तुम्ही सांगा तेवढं.

चहा दिला तर प्या. नगं म्हनू नगासा. कप-बशीत देत असतील तर कप-बशीत प्या. … बरं.

आं? मोठ्यानं बोला… कसलं काय करू?

दोरीचं?

दोरीचं काय करू म्हनून इचारतायसा.

… अवो, तिथं खिडकीला गज असतील. पोरीच्या खोलीला. सिस्टरना इचारा, आत जाऊ देतील का घटकाभर. ह्या गजाला एक टोक आन त्या गजाला एक. तुमच्या हातनं आवळून बांधा. बोद बांधतायसा तशी, सुटनार न्हाय अशी. उद्यापासनं रोज पांढरं धुवाय लागनार हाय तिला. वाळत घालाय व्हईल.

… बांधतायसा न्हवं?

बास तर मग. बांधा, चहा प्या, आन शेवटच्या गाडीला बसा. एकटंच या. मी भाकरी थापून ठेवते. दोघांच्याच.

हॅलो? … अवो?

मारुतीराव, हे गप झालं की. … कटला? … असू दे, झालंय बोलून.

हे ठेवायचं कसं वो? … पालथं? बरं.