उजवीकडच्याला आधी

...नाही हो, चूक माझी नव्हतीच, तुम्हाला सांगतो, आमच्या फ्रान्सात शेंबडं पोरसुद्धा सांगेल, उजवीकडच्याला आधी! पाटी नाही, सिग्नल नाही, तर उजव्या रस्त्याने येईल त्याला आधी जाऊ द्यायचं, मग तो गाढव का असेना... आणि मी निघालो होतो कुठे? एकुलत्या एका मुलीच्या लग्नाला! सोलांज मागे पांढऱ्या झग्यात बसलेली, नवीकोरी गाडी मी पहाटेपासून पुसलेली, का, तर नगरपालिकेच्या दारात, आमच्याकडे लग्नं तिथेच लागतात, रुबाबात उतरायचं, लेकीचा हात हातात घेऊन आत न्यायचं... बापाला आणखी काय हवं असतं?

चौकात शिरलो. उजवीकडून माझे व्याही पेशार, समोरून नगराध्यक्ष, लग्न लावणारे तेच, आणि डावीकडून केक घेऊन बेकरीवाला रॉजे. चौघं एकदम घुसलो, चारही गाड्यांची नाकं एकमेकांत अडकली. आता उजवीकडच्याला आधी म्हणजे रॉजेनं थांबायचं माझ्यासाठी, मी पेशारसाठी, पेशारनी नगराध्यक्षांसाठी, आणि नगराध्यक्षांनी... रॉजेसाठी! मग मागे कोण घेणार? मागे घेतली की चूक कबूल, विमेवाले सोडतात होय?

"मुलगी तुमची आहे, घ्या की मागे," पेशार खिडकीतून म्हणाले.

मी म्हटलं, मुलगा तुमचा नाही का?

तेवढ्यात बारा वाजले. चौकातल्या हवालदारानं आमच्याकडे एकवार बघितलं आणि गेला जेवायला. कॅफेवाल्यांनी खुर्च्या आमच्याकडे तोंड करून मांडल्या. रॉजेच्या केकवरचं क्रीम वितळून गाडीच्या दाराखालून गळायला लागलं, तरी रॉजे ढिम्म. उजवीकडच्याला आधी...

सोलांज उतरली, काचेवर टकटक केली. "पपा, ती काय समोर नगरपालिका. चला ना चालत."

"अगं, उतरलो तर गाडी टाकून पळाला म्हणतील. चूक माझ्या गळ्यात पडेल."

 मग "बरं" म्हणाली, झगा गोळा केला आणि गाड्यांच्या फटींतून गेली एकटीच. उतरावंसं वाटलं हो मला, खरंच वाटलं... पण हात काही दाराच्या कडीकडे जाईना.

लग्न लावलं उपाध्यक्षांनी. त्यांच्याकडे गाडीच नाही, त्यामुळे ते वेळेवर पोचले होते. नवरामुलगा सायकलवर आलेला. टाळ्या ऐकल्या मी काचेतून, मीही वाजवल्या, स्टिअरिंगवर.

संध्याकाळी ट्रॅक्टरनं ओढून काढलं आम्हाला. आता घरात तो फोटो लावलाय. पायऱ्यांवर नवराबायको, मागे चौक, आणि चौकात बारीकसा मी, काचेआड. बायको त्या भिंतीकडे बघत नाही. पण तुम्हाला सांगतो... गाडी काय झकास आलीय फोटोत!