मरेपर्यंत सुखाने

नाही गं पोरी, पुस्तक वाईट आहे असं मी कुठं म्हणतोय — चित्रं तर काय देखणी आहेत — बस की जरा, तुझी पुस्तकांची ढकलगाडी कोण पळवतंय? या वॉर्डातल्या पोरांना धड चालता येत नाही, पळवतायत कुठली! काय? असं बोलू नये? अगं, दिवसभर या बाकड्यावर बसून दुसरं काय करू? घे, हे खारे पोगाचा पाव खा, म्हातारीनं भाजून पाठवलेत नातवासाठी — पण बोती खात नाही हल्ली. म्हणजे खाईल, ऑपरेशन झालंय ना, म्हणून. तर तुझं पुस्तक. त्यात लांडगा करडांना गिळतच नाही, माफी मागतो आणि मटारचं सूप पितो म्हणे! आमच्या वेळी सरळ गिळायचा बाबा, मग पोट फाडायचं आणि सगळी करडं जिवंत बाहेर. पिऊ दे लेकाला सूप, माझं काय जातंय. पोट फाडायचं पान काढलंत ते बरंच केलंत — आमच्या बोतीचं उघडलं, बघितलं, आणि तसंच शिवून टाकलं त्यांनी. सगळीकडे पसरलंय म्हणाले. सात वर्षांचं पोर गं... हे तुला सांगायला नको होतं. माझ्या लेकीनं, रेकानं, शपथ घातलीय, पोराच्या कानावर जाता कामा नये. म्हणून आम्ही सगळे दात काढत आत जातो. नाटकमंडळी नुसती!

आणि काल तू शेवटी काय वाचलंस? 'मग सगळे सुखाने राहिले.' संपलं! आपल्याकडे अशी संपते का गोष्ट? तुझ्या आजीनं तरी कधी अशी संपवली होती? 'मरेपर्यंत सुखाने राहिले' — हे म्हटल्याशिवाय आपल्या मिश्कोल्त्स शहरातलं एक पोर झोपत नाही. बोती तर माझ्याबरोबर ओरडायचा, मरेपर्यंत! मरेपर्यंत! — खालचा शेजारी काठीनं छत ठोकायचा. तुझा दोष नाही, ठाऊक आहे मला, तिथं छापलंच नाही ते. पण तू गेलीस, रेका चहा आणायला गेली, आणि त्यानं मला जवळ बोलावलं. म्हणाला, आजोबा, तो शब्द माझ्यामुळे काढला ना? — काय सांगणार होतो मी? म्हटलं, छे रे, छापायचा राहिला असेल. गाढव मी, दुसरं काय. मग माझा हात थोपटला गं त्यानं — त्यानं, माझा! — आणि म्हणाला, बरं, पण आईला सांगू नका मला कळलंय म्हणून.

आता आई त्याच्यापासून लपवते, तो आईपासून लपवतो, आणि मी दोघांच्या मधे बसून टोप्या घालतो. काय करू मी? सांग ना, तू शिकलेली आहेस — नको, काही बोलू नकोस. ती बघ, रेका आली. डोळे पूस आधी. पूस म्हणतो ना! आणि जा, गाडी घेऊन जा, आज आमच्याकडे वाचायचं नाही.