बोलणी झाली, सुपारी न्हाय

उरणच्या मोरा बंदरावर लाँचची वाट बघत बसलेल्या अमिरुन्निसाच्या कानांवर शेजारचं बोलणं येत होतं. जन्मभर मिठागरात राबून पायांना चिरा पडलेली मनुबाई मुंबईच्या कोर्टात निघालेली, आणि वकिलाकडचा कारकून रावजी तिला अडवत होता.

"काकी, म्हातारपणी सरकारनं मदत करावी, असं नव्या घटनेत लिवलंय, खरं हाय."

"मंग तीच मागते कोर्टात."

"तिथंच तर गोम हाय. ती कोर्टात मागता येत न्हाय."

"म्हंजे लग्नाची बोलणी झाली, पन सुपारी फुटली न्हाय."

"तसंच समज. सरकारची ऐपत व्हईल तवा."

"तवर नवरीनं हळद लावून बसायचं?"

"लाँच लागली, काकी."

"जाऊ दे लाँचला. मला उठाया हात दे, मिठागरात मीठ ओढायचं हाय."

"असल्या पायांनी?"

"तुज्या घटनेत दुसरे हायत का रं?"