मोघम नवस

—नवस बोलले तेव्हा मला कुठं ठाऊक, पावणं, की अंबाबाई शब्दाला इतकी पक्की हाय! बसा की, उठू नका. हे येतीलच. पहाटे पाचला राजाराम तलावावर गेलेत, गळ टाकायला. व्हय, आजच—तुम्ही आमच्या पोरीला, क्रांतीला बघायला येणार हे ठाऊक असून! तुम्हालाच फोनवर म्हणाले न्हवं, ‘हंबीरराव, चार किलोची मरळ खाऊ घालतो’? आता रिकाम्या हातानं तुमच्यासमोर बसायची लाज वाटते त्यांना. फोन लावू नका, बंद असतोय. रिंग वाजली की मासा बुजतो म्हणे. बुजायला आधी यायला तर पाहिजे!

आणि तो येत न्हाय, त्याला कारण मी. ह्यांना यातलं काही ठाऊक न्हाय हं, तुम्हीबी बोलू नका. झालं काय, हे कारखान्यातून रिटायर झाले आणि हा नाद लागला. फ्रीज उघडावा तर विरजणाशेजारी डब्यात गांडुळं—वळवळत! माझा शुक्रवारचा उपास. मग गांडुळाला मरळ भुलत न्हाय म्हणून जिवंत मासे टोचायला लागले. बोटाएवढी पिल्लं हो, बादलीत पोहत असायची, मी त्यांना कणकेच्या गोळ्या घालायचे, आणि सकाळी बघावं तर दोन कमी. जीव तुटायचा. शेवटी देवळात गेलते, पदर पसरला. पण देवीसमोर, उपाशी तोंडानं, ‘मासा’ कसं म्हणायचं? जीभच उचलंना. म्हणून म्हटलं, ‘आई, ह्यांच्या गळाला काहीसुद्धा लागू देऊ नको, पाच शुक्रवार तुझी ओटी भरीन.’ काहीसुद्धा! तिथंच चुकलं बघा.

त्या दिवसापासून ह्यांच्या गळाला शेवाळबी लागत न्हाय. शेजारी बसणारे आकाराम मेस्त्री त्याच पाण्यातनं दोन-दोन मरळी काढतात, आणि हे सूर्य डोक्यावर आला की घरी. मग ऑनलाईन रबरी बेडूक मागवला. म्हटलं, बरं झालं, जिवंत जीव टोचायला नको. पण तो बेडूक इतका खरा, इतका खरा—धुऊन तुळशीपाशी वाळत ठेवलेला—मी तीन दिवस त्याच्यावर पाणी शिंपडत होते. बिचारा हलंना म्हणून! चौथ्या दिवशी पोटाखालचा गळाचा आकडा दिसला. हसा, हसा. क्रांती तर लोळून हसली. मोठ्यानं हसते आमची क्रांती. पहिलं स्थळ त्या हसण्यावरच मोडलं, शाहूवाडीचं. दुसरे पत्रिका घेऊन गेले, ती अजून तिकडंच हाय. तिसरे दोनदा पोहे मागून खाऊन गेले, आता फोन उचलत न्हाईत. चौथं तर सुपारी फुटायला आलेलं, ऐनवेळी मुलगाच म्हणाला मला एवढ्यात करायचं न्हाय. आता तुम्ही पाच—

हे मी सांगायला नको होतं, न्हाय? तुम्हाला ‘पहिलंच दाखवणं’ म्हणून सांगितलंय? असतीय सवय मध्यस्थांना. असू दे, ह्याच मध्यस्थ गणपतरावांनी माझे डोळे मात्र उघडले. चौथं मोडलं त्या दिवशी, तुम्ही बसलाय त्याच खुर्चीत बसून म्हणाले, ‘वहिनी, साहेबांच्या गळाला एकबी स्थळ लागंना बघा!’ माझ्या हातनं कपबशी निसटली. गळाला! काहीसुद्धा! देवीचा काय दोष ओ? तिनं बोलले तेवढं ऐकलं. मी मासे वाचवायला गेले आणि पोरीची सोयरीक अडवून बसले.

पोहे घ्या. क्रांतीनंच केल्यात—न्हाय, मीच केलेत, आता तुमच्याशी काय लपवायचं.

नवस मागं घेता येत न्हाय का? विचारलं की. आमच्या धोंडुबाई आत्यांना यातलं सगळं कळतं. त्या म्हणाल्या, बोलणारीनंच मागं घेतला तर देवी रुसते, दुसऱ्या कुणीतरी उलटा नवस बोलायचा, आणि मनापासून बोलायचा. ह्यांना सांगायची सोय न्हाय. क्रांतीला सांगितलं तर म्हणते, ‘आई, तुझ्या त्या नवसानं चौघांपासनं वाचवलंय मला.’ तसं म्हणते खरी. पण तुमच्या राजवीरचा फोटो दोन दिवस फोनवर उघडाच हाय, चार्जिंगला लावला तरी झाकत न्हाय. मागच्या चौघांचं असं कधी केलं न्हवतं तिनं. तो कागलच्या एमआयडीसीतनं सुटला की घरी येऊन स्वतः म्हशीची धार काढतो, हेबी तिनंच मला सांगितलं. तिला कसं कळलं? ते मी विचारलं न्हाय. तुम्हीबी विचारू नका.

म्हणून म्हणते पावणं, एवढं करा. ती आत निऱ्या घालतीय, तोवर. देव्हारा हा समोरच हाय. टोपी राहू दे, हात जोडा. मी बोलले तसा तुम्हीबी एक नवस बोला. म्हणा, ‘आई, ह्या घरच्या धन्याच्या गळाला—’ न्हाय न्हाय, ‘काहीतरी’ नको! मोघम बोलून मी फसले. नाव घेऊन मागा. ‘एक मरळ’ म्हणा मोठ्यानं, उपास माझा हाय, तुमचा न्हाय. बारकी चालंल. आणि बघून झाली की पाण्यात परत सोडायची बुद्धी दे, एवढंबी जोडा, माझ्यासाठी. मग त्याच दमात दुसरं नाव घ्या—तुमच्या राजवीरचं.

म्हणा की. मी डोळे मिटते.